सुट्टीतला टाळ

पुण्याहून नगरकडे येताना वाडेगव्हाणला वळलं की थोड्याच वेळात राळेगणसिद्धी येतं. मे महिन्यात या पट्ट्यातल्या फाट्यांवर फ्लेक्सची गर्दी असते. जत्रेचे, लग्नाचे, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे. त्यांच्याच मध्ये एखादा ‘वारकरी बालसंस्कार शिबिरा’चा. त्यावर विषय लिहिलेले असतात : हरिपाठ, गायन, मृदंग, पावली, गीतापाठ. खाली बारीक अक्षरात सूचना : अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-तांब्या सोबत आणावा. याच महिन्यात पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकांवर ‘समर कॅम्प’चे फलक लागतात : बॉलिवूड डान्स, झुंबा, कीबोर्ड, गिटार. दोन्हीकडे मुलं गायला, वाजवायला आणि पाय टाकायला शिकतात. शहरातल्या वर्गांवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात. गावातल्या शिबिराला तालुक्याच्या पानावर एक फोटो मिळतो, तोही सांगतेच्या दिवशी. म्हणून ही टिपणं मुख्यतः गावातल्या शिबिराबद्दल.

*

शिबिराचा दिवस असा. पहाटे उठणं, अंघोळ, प्रार्थना, थोडा व्यायाम. मग पाठांतर : ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे २७ अभंग, गीतेचे अध्याय. ऊन चढलं की मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या खोलीत गायन आणि मृदंग. दुपारी झोपेची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेत कोणी झोपत नाही. दिवेलागणीला हरिपाठ, तोही उभ्याने, टाळ घेऊन, पावलीसह. रात्री कीर्तन, ज्यात लहान मुलं टाळ धरून उभी असतात आणि उभ्याउभ्या पेंगतात.

सगळ्या गोष्टी त्याच दिवशी वापरल्या जातात, हे यातलं खरं शहाणपण. सकाळी पाठ झालेला अभंग संध्याकाळी म्हणायचा असतो. दुपारी हाताला बसलेला ठेका रात्री कीर्तनात लागतो. अभ्यास आणि कार्यक्रम यांच्यात एका दिवसाचंही अंतर नाही.

*

टाळ वाजवणं सोपं दिसतं. दोन वाट्या एकमेकींवर आपटायच्या, एवढंच. पण नवं पोर पहिल्या दिवशी त्या खरोखरच आपटतं आणि भांडी पडल्याचा आवाज येतो. खालचा टाळ स्थिर, वरचा किंचित तिरका, कडेला कड घासून सुटली पाहिजे, मग नाद लांबतो. कुठे नाद सोडायचा आणि कुठे टाळ मिटून दाबायचा, हे कळलं की ठेका कळला. दोरी बोटांना काचते. दोन-तीन दिवसांत फोड येतात. घरी सांगितलं तर आई हळद लावते आणि आजोबा विचारतात, कोणत्या हाताला?

पंचवीस-तीस टाळ एकत्र वाजत असताना एकाचं चुकलं तर बाहेरच्याला कळत नाही. शेजारच्याला लगेच कळतं. तो मान न वळवता कोपर लावतो. शिकवण्याची ही पद्धत कोणत्या पुस्तकात नाही, पण चाळीस मुलांमागे एकच शिक्षक असला तरी काम चालतं ते हिच्यामुळे.

*

पावली हे नृत्य आहे. इकडे तिला तसं कोणी म्हणत नाही, पण त्याने फरक पडत नाही. समोरासमोर दोन रांगा. पुढे जायचं, कमरेत वाकायचं, टाळ खाली न्यायचा, मागे सरताना वर आणायचा. मग गिरकी, मग उडी. मृदंगाची लय चढत जाते तशी पावलं दुप्पट होतात आणि शेवटी सगळी रांग एकदम थांबते. ते थांबणंच सर्वांत अवघड. ज्याला थांबता येत नाही तो एक पाऊल पुढे जाऊन उघडा पडतो.

वारीच्या वाटेवर याच पावलीला फुगडी, हुतुतू, उडीचे खेळ जोडले जातात. संतांनी फुगडी, टिपरी, हमामा या मुलांच्या खेळांवर रूपकं रचली. म्हणजे सुट्टीतला खेळ आणि भजन यांचं नातं शिबिरांनी जुळवलेलं नाही, ते सातशे वर्षांपासून जुळलेलं आहे. शिबिरांनी त्याचं वेळापत्रक केलं.

शरीराच्या अंगाने पाहिलं तर अर्धा तास पावली म्हणजे चांगला घाम काढणारा व्यायाम. वाढत्या वयातल्या मुलाला एका जागी मांडी घालून बसवून सूर शिकवणं जड जातं. त्याला उभं करून चालवलं की गाणं आपोआप श्वासाशी जुळतं.

*

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते. रोज नवी. वाजवण्याआधी मळून थापायची, वाजवून झालं की खरवडून काढायची, नाहीतर ती वाळते आणि कातडं बिघडतं. उजव्या तोंडाला पक्की शाई असते, ती कारागिराने घोटलेली. तिला पोरांनी नख लावायचं नाही. स्वर चढवायचा तर गट्ठ्यांवर हातोडी. शिबिरात पहिला दिवस बोलांचा नसतोच, कणकेचा असतो. किती घट्ट, किती मोठा गोळा, कडेपासून किती आत. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पोकळ येतो. हे हाताला कळल्यावर मग ता, दी, थुं, ना.

वाई परिसरातले नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूर दरबारी पखवाजाचे मोठे गुरू झाले आणि त्यांच्या नावाचं घराणं चाललं. त्यांच्या वादनाची सुरुवात कीर्तनाच्या साथीतली. पोरांना ही गोष्ट जरूर सांगावी. कणकेपासून दरबारापर्यंत रस्ता जातो, एवढं कळलं तरी पुरे.

*

राळेगणची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, तरी तिची सुरुवात एका मंदिरापासून होते हे विसरलं जातं. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा संत यादवबाबांच्या मंदिराचं लाकूड दारूच्या भट्ट्यांत जळून गेलं होतं. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून मंदिर दुरुस्त केलं. मग तरुण मंडळ, भट्ट्या बंद, होळीत तंबाखू-विड्या, मग बंधारे, नाले, झाडं. पाऊस वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलीमीटरच्या आसपास, तो अडवायचा कसा यावर पुढे देशभरातून लोक शिकायला आले.

मला या गोष्टीतला संध्याकाळचा भाग महत्त्वाचा वाटतो. भट्टी बंद झाली की माणसाच्या दिवसातले दोन-तीन तास रिकामे होतात. उपदेशाने ते भरत नाहीत. बसायला जागा लागते, शेजारी माणूस लागतो, हाताला काम लागतं. सभामंडप ही जागा आणि टाळ हे काम. गावाच्या सभा, उपोषणं, भजनं एकाच आवारात झाली. डिसेंबर २०१३ चं जनलोकपालाचं उपोषण आणि २०१९ च्या सुरुवातीचं लोकायुक्तासाठीचं उपोषण, दोन्ही इथलीच.

*

त्याच राळेगणची दुसरी बाजूही टिपून ठेवली पाहिजे. पर्यावरण आणि समाजाचे अभ्यासक मुकुल शर्मा यांनी राळेगणवर लिहिताना नोंदवलं आहे की गावात चित्रपटगीतांना आणि चित्रपटांना बंदी होती. चालत ते ‘संत तुकाराम’सारखे धार्मिक चित्रपट. लग्नाच्या कर्ण्यावरही धार्मिक गाणीच. शर्मांना त्यात नैतिक धाक दिसला. तो दिसण्यासारखा होताही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला वा मुलाला कोणतं गाणं गुणगुणायचं हे सभेने ठरवून द्यावं, हे मला पटत नाही. गाणं बंदीने जात नाही, ते उसाच्या फडात आणि ट्रॅक्टरवर जातं.

पण गंमत पाहा. परवानगी मिळालेला तो ‘संत तुकाराम’ प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा, केशवराव भोळ्यांचं संगीत. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचला आणि कित्येकांनी तो तुकोबांचाच समजून भजनात घेतला. म्हणजे जो दरवाजा चित्रपटगीतासाठी बंद केला, त्यातूनच एक चित्रपटगीत गंध-बुक्का लावून आत आलं आणि मंडपात बसलं. ते तिथे शोभतंही.

*

आज शिबिरातल्या मुलांच्या चाली कुठून येतात? अर्ध्या महाराजांकडून, अर्ध्या मोबाइलवरून. गौळण सुरू होते आणि चालीखाली एखादं गाजलेलं सिनेमातलं गाणं स्पष्ट ऐकू येतं. जुने गायक तोंड वाकडं करतात. पोरं खूश असतात, कारण पहिल्यांदाच त्यांना पुढची ओळ कुठे वळणार ते आधी कळलेलं असतं. भीमसेन जोशींची ‘संतवाणी’ १९७० च्या दशकात गावोगाव पोहोचली तेव्हाही भजनी मंडळांनी तिच्यातल्या ताना उचलल्या होत्या. तेव्हाचे ज्येष्ठही कुरकुरले असणार.

*

सहज शेजारी : पिंपळनेर. राळेगणला अगदी लागून, पारनेर तालुक्यातच. इथे निळोबारायांची समाधी आहे. तुकोबांचे शिष्य म्हणून वारकरी संप्रदाय त्यांना मानतो, पण परंपराच सांगते की गुरू-शिष्यांची देहाने भेट झाली नव्हती, अनुग्रह नंतरचा. ज्यांना वाटतं की समोर बसल्याशिवाय विद्या येतच नाही, त्यांनी पिंपळनेरला एकदा जाऊन यावं. आणि ज्यांना वाटतं की नुसता मोबाइल पुरे, त्यांनीही जावं; निळोबांनी आयुष्यभर अभंग लिहिले, नुसते ऐकले नाहीत.

*

एकत्र बसवून गाणं शिकवणं ही आपल्याला आज साधी गोष्ट वाटते. शास्त्रीय संगीतात ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नवी होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा उस्तादाच्या घरची खासगी विद्या वर्गात आणली, तिला अभ्यासक्रम, लिपी, परीक्षा दिल्या. १९३१ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गंधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आज महाराष्ट्रातल्या हजारो घरांतल्या कपाटांवर चौकटीत लावलेल्या दिसतात.

दुसरी शाळा याच काळातली. विष्णुबुवा जोग, १८६७ चा जन्म, तरुणपणी पैलवान. त्यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. त्याआधी कीर्तनाची विद्या फडांमधून आणि घराण्यांमधून चालत असे. जोगमहाराजांनी तिला चार वर्षांचा क्रम दिला. विद्यार्थी माधुकरीवर राहत. तीन वर्षांत, १९२० मध्ये, जोगमहाराज गेले, संस्था मात्र टिकली. आज उन्हाळी शिबिरात शिकवणारे बरेचसे तरुण महाराज आळंदीत शिकून आलेले असतात. एक विष्णू सूर घेऊन लाहोरला गेला, दुसरा आळंदीला बसला. उन्हाळी वर्गांच्या दोन्ही जाती या दोघांच्या.

*

परीक्षेबद्दल. दहावीला शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला यांच्यासाठी वाढीव गुण मिळतात. त्यामुळे उन्हाळ्यात आठवी-नववीच्या मुलांची तबल्याच्या वर्गाकडे रांग लागते आणि दहावी झाली की तबला माळ्यावर जातो. कोणाला दोष द्यावा? गुणांमुळे का होईना, दोन-तीन वर्षं मूल सुरात बसलं. पण गुण हे फक्त वर्गात यायचं कारण झालं. राहण्याचं कारण वेगळं लागतं.

*

कांदा आणि गाणं यांचं वैर आहे. एप्रिल-मेमध्ये पारनेरच्या शेतांत उन्हाळ कांद्याची काढणी. काढायचा, पात कापायची, ढीग लावायचा, चाळीत भरायचा. हातांची टंचाई असते आणि सहावीतल्या पोराचे हात फुकट असतात. शिबिर घेणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणून जाणता महाराज काढणी उरकेपर्यंत थांबतो, किंवा निवासी शिबिराऐवजी पहाट आणि संध्याकाळ धरतो. नाहीतर येतात ती फक्त मुंबईहून आजीकडे आलेली पोरं. पारनेरची माणसं मुंबईत पुष्कळ, मे महिन्यात त्यांची मुलं गावभर. त्यांना सगळ्या नव्या चाली येतात आणि पहाटे उठता येत नाही. गावातल्या पोरांना उठता येतं. पंधरवड्यात दोघांची देवाणघेवाण होते.

*

चैत्र-वैशाख हा इकडे जत्रांचा काळ. निघोजला मळगंगेची यात्रा चैत्रात. कुकडीच्या पलीकडे जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव, तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन बसतात, भाव ठरतो, सुपारी दिली जाते. उन्हाळा ही नाच-गाण्याची सुट्टी नव्हे, नाच-गाणं करून पोट भरणाऱ्यांचा हा भर हंगाम.

फडातल्या मुलांसाठी वर्ग नसतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जन्म १९३५, तमाशाच्या घरातच वाढल्या. वडील आणि चुलत्यांचा भाऊ-बापूंचा फड, तिथेच पाहून, तिथेच उभं राहून शिकल्या. राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, शेवटची वर्षं हलाखीत गेली, २००२ मध्ये त्या वारल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं.

ज्या पालकांना मुलीच्या स्नेहसंमेलनातल्या लावणीला टाळ्या वाजवायला आवडतं, त्यांना फडातल्या मुलीची शाळा कुठे बुडते हे विचारायला आवडत नाही. एकीला लावणी हौसेची, दुसरीला पोटाची. ढोलकीचा ठेका दोघींचा एकच.

*

शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर या टापूत अजय-अतुल यांचं बालपण गेलं. भजन, कीर्तन, बँड, जत्रा हेच त्यांचे उन्हाळी वर्ग असणार. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि त्यातलं ‘झिंगाट’ प्रत्येक वरातीत वाजू लागलं. नगर जिल्ह्यातल्या वरातीत त्यावर नाचणाऱ्या पोरांचे पाय नीट पाहावेत. दोन पुढे, एक मागे, मग उडी. आषाढातल्या पावलीची ओळख पटते.

*

आवाज फुटण्याचं वय. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा गळा जातो. काल काळी चारमध्ये खणखणीत गाणारा आज मध्येच चिरकतो आणि सगळा मंडप हसतो. इकडे भजन उंच स्वरात म्हणायची सवय, उघड्यावर कर्ण्याशिवाय ऐकू जावं म्हणून ती पडलेली. त्या उंचीवर फुटता आवाज ताणला तर गळा बिघडू शकतो. शहाणा शिकवणारा अशा वेळी मुलाला गाणं सोडायला सांगत नाही, हातात मृदंग देतो. वर्षभर ठेका धर, मग पुन्हा म्हण. किती चांगले पखवाजी या चिरकण्यातून निघाले असतील याची कोणी मोजणी ठेवलेली नाही.

शहरातल्या वर्गात हेच वय गळतीचं असतं. तिथे हातात द्यायला दुसरं काही नसतं, फक्त पुढची बॅच असते.

*

मुलींबद्दल जरा सविस्तर.

शिबिरात मुली येतात, हरिपाठ म्हणतात, पावली तर मुलांपेक्षा चांगली करतात, कारण घोळक्यात न घुसता अंतर राखतात. गायनात त्यांचा आवाज फुटण्याची अडचण तशी नसते. पण मृदंगाशी बहुतेक ठिकाणी मुलगेच बसलेले दिसतात. कोणी मनाई केलेली नसते. मृदंग चार असतात, मुलं चाळीस, आणि ते चार कोणाच्या मांडीवर जातात हे आधीच ठरलेलं असतं.

संप्रदायाकडे मुक्ताबाई आहे, जनाबाई आहे. नगर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे शिऊरला बहिणाबाईंची समाधी आहे, तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या. आता सप्ताहांत महिला कीर्तनकारांची कीर्तनं ठरलेली असतात, मुलींना वारकरी शिक्षण देणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. २००९ मध्ये ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ जिंकली ती आळंदीची कार्तिकी गायकवाड, वडील कल्याणजी गायकवाड यांच्याकडे शिकलेली. ते पर्व घराघरात पाहिलं गेलं आणि भजन म्हणणारी मुलगी ही कौतुकाची गोष्ट झाली. गाणाऱ्या मुलीला रांगेत जागा मिळाली, वाजवणारीला अजून मिळायची आहे.

उपाय साधा आहे. मृदंगाच्या तासाला नावं पुकारून पाळी लावायची. एक दिवसाआड मुली. गावाला विचारायला जायचंच नाही. जे वेळापत्रकात येतं त्याला गाव हरकत घेत नाही.

*

शहरातल्या नृत्यवर्गांचीही एक गोष्ट इकडच्या मुलींना सांगावीशी वाटते. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू केली आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुली कथक शिकू लागल्या. भरतनाट्यम तर दक्षिणेचं म्हणून ओळखलं जातं, पण तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात त्यासाठी मराठीत रचना झाल्या. सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या शोधून रंगमंचावर आणल्या. तंजावरच्या शहाजीराजे, सरफोजीराजे यांच्या काळातल्या मराठी रचनांवर नाच होत असे हे कळलं तर स्नेहसंमेलनाच्या यादीत एखादी नवी ओळ येईल.

*

एक कठोर टीप. अलीकडच्या वर्षांत आळंदीतल्या काही खासगी निवासी संस्थांमध्ये मुलांशी गैरवर्तनाच्या तक्रारी पोलिसांत गेल्या, प्रशासनाला तपासणी करावी लागली. संप्रदायाची बदनामी नको म्हणून हे दाबणं चूक आहे. मूल रात्री मुक्कामी राहणार असेल तर झोपायला कोण कुठे, आया-बाया मुक्कामी आहेत का, घरी फोन करता येतो का, हे पालकांनी विचारायचंच. शिकवणाऱ्याच्या पाया पडावं आणि प्रश्नही विचारावेत. गावातल्या सभामंडपात, चारी बाजूंनी उघड्या जागी घेतलेलं दिवसाचं शिबिर या बाबतीत सर्वांत चांगलं. येता-जाता म्हातारी-कोतारी डोकावतात आणि तेवढी देखरेख पुष्कळ असते.

*

पैशाचं गणित. शहरातल्या वर्गाची फी महिन्याच्या किराण्याइतकी. गावातल्या शिबिराला शिधा येतो : कोणी गहू देतं, कोणी तेलाचा डबा, कोणी एका दिवसाची पंगत. शिक्षकाला सांगतेला पाकीट. त्यात किती असावं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. मृदंगाची पुडी फाटली की मात्र अडतं. ती बदलायला कारागीर लागतो, आणि तो इथे जवळ नाही. ज्या हातांनी कातडं कमावलं त्यांना बऱ्याच गावांत मंडपाबाहेर उभं राहावं लागत असे, हेही शिबिरात सांगायला हवं. समतेचा अभंग पाठ करून घेताना हे वगळलं तर पाठांतर अर्धं राहतं.

*

सांगतेचा दिवस. दिंडी निघते. मुलं पांढरे सदरे घालून, मुली नऊवारीत, काहींच्या डोक्यावर तुळस. पालक मोबाइल उंच धरून. भाषणं लांबतात, ऊन चढतं, एखादं पोर चक्कर येऊन बसतं. प्रमाणपत्रं, फोटो, पंगत. शहरातल्या सभागृहातही शेवटच्या दिवशी हेच, फक्त वातानुकूलित : भाड्याचे पोशाख, ध्वनिमुद्रित गाणं, दोन मिनिटांचा नाच. इथवर दोन्ही सारखे. फरक जूनमध्ये कळतो.

१५ जूनच्या आसपास शाळा उघडतात. मृगाचा पाऊस पडला तर बाजरी-मुगाची पेरणी. ज्येष्ठात पालख्या निघतात, पिंपळनेरहून निळोबारायांचीही. जे पोर मे महिन्यात पावली शिकलं त्याला महिन्याभरात ती प्रत्यक्ष करायला मिळते, हजारो माणसांत, पावसात, चिखलात. तिथे त्याच्याकडे कोणी कौतुकाने पाहत नाही, कारण सगळेच तेच करत असतात. आपली गरज आहे, आपण थांबलो तर रांगेत खिंडार पडेल, हे त्याला कळतं. माझ्या मते शिकलेलं टिकतं ते इथे. शहरातल्या मुलीने शिकलेल्या नाचाला जूननंतर उभं राहायला जागा नसते. तिच्यात गुण कमी नसतो, रांग नसते.

*

पण सगळी मुलं वारीला जात नाहीत. बहुतेक जात नाहीत. शाळा असते, आईबाप सोडत नाहीत. त्यांचं काय?

वर्षात एकादश्या २४. बहुतेक गावांत त्या दिवशी संध्याकाळी भजन होतं, पाच-सहा म्हातारे आणि एक पेटी. शिबिराच्या सांगतेला भाषणाऐवजी एवढा ठराव करावा : पुढच्या एकादशीपासून पुढची रांग मुलांची. टाळ मंडळाचे, ते कपाटात कुलूपबंद ठेवायचे नाहीत, मुलांच्या हाती द्यायचे. पहिला अभंग मुलांनी निवडलेला, चाल त्यांची, सिनेमातली असली तरी. मृदंगाला एका एकादशीला मुलगा, पुढच्या एकादशीला मुलगी. म्हाताऱ्यांनी मागे बसावं आणि ठेका चुकला तर कोपर लावावं.

याला अनुदान लागत नाही, फ्लेक्स लागत नाही. पहिल्या चार-पाच एकादश्या गोंगाटाच्या जातील. परीक्षेच्या काळात दोन बुडतील. तरी बावीस उरतात. पंधरवड्याच्या शिबिराला बावीस संध्याकाळी जोडल्या की पुढच्या मे महिन्यात शिक्षकाला पुन्हा टाळ कसा धरायचा इथून सुरुवात करावी लागणार नाही. ज्या गावाने पाऊस जिथे पडतो तिथेच मुरवायचा हे देशाला दाखवलं, त्याच्या तालुक्यात तरी हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.